शिऱ्याचा आकडा

लातूर, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रिया,

दोनदा प्रिय झालं. तुझं नावच तसं आहे, माझा इलाज नाही. पूर्ण 'धम्मप्रिया' लिहिलं तर हजेरी घेतल्यासारखं वाटतं. नुसतं 'प्रिया' लिहिलं की तू म्हणणार, लाडात येऊ नको. म्हणून दोन्ही ठेवलंय. यातलं एक तूच खोड.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. इन्स्टावर केलंस. परवा महांतेशच्या फोनवरून लावला तर तोही बिचारा ब्लॉक! त्याचा काय गुन्हा? निलंग्याचं पोरगं, नीटचा तिसरा अटेम्प्ट करायलंय, तुझ्या आईच्या मेसला जेवतंय. तुझा चेहरासुद्धा त्याला मालूम नाही. म्हणून आता पत्र. पोस्टमनला अजून ब्लॉक करता येत नाही.

मी कॉलेज सोडलं हे तुझ्या रूममेटनं, राजश्रीनं, तुला सांगितलंच असेल. सिव्हिलचं दुसरं वर्ष अर्धं टाकून नांदेडहून बॅग घेऊन आलो. मला काढलं नाही, मी सोडलं. फरक आहे. घरी वडील बोलत नाहीत. ताट वाढतात आणि पेपर वाचत बसतात. एक दिवस चौकात सरजामावशी भेटल्या. म्हणाल्या, "रिकामा फिरायलास त्यापेक्षा माझे डबे नेऊन देतूस का?" तर सध्या मी तुझ्याच आईचे डबे क्लासच्या होस्टेलांवर पोचवतो. हस. हसायलाच लिहिलंय.

मेस आहे तशीच आहे. रविवारी क्लासची टेस्ट, सोमवारी जेवताना सगळ्यांनी मार्क सांगायचे, ज्याचे वाढले त्याच्या ताटात शिरा. हा नियम तुला मी काय सांगू? तुझ्याच नीटच्या वर्षी, तुझेच मार्क वाढताना मावशींनी तो काढला. तू मेडिकलला नांदेडला गेलीस आणि नियम आमच्या मागं ठेवून गेलीस. उतरले त्यालाही पोटभर मिळतं, पण मावशी त्याच्याकडं एकदा बघतात. ते बघणं पोरांना लई लागतं.

आता एक सांगतो, पण मी सांगितलं हे मावशींना कळू देऊ नको. मावशींना जिना चढला की दम लागतोय. मधेच भिंतीला धरून उभ्या राहतात, म्हणतात चष्मा विसरला. मी जबरदस्तीनं हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं. ईसीजीची पट्टी काढली, छातीची सोनोग्राफी केली, रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थोडं कमजोर आहे, मीठ कमी करा, या गोळ्या घ्या, आणि रक्तातला हा आकडा आपल्याला बघत राहायचाय, महिन्यानं पुन्हा करून आणा. बाहेर बाकावर एवढी माणसं की तेवढ्यात पुढच्याचं नाव पुकारलं.

त्या तपासणीचं नाव लांबलचक आहे, एनटी-प्रोबीएनपी. मावशींचा आकडा आला नऊशे चाळीस. सोमवारी जेवताना त्यांनीच सांगितला, पोरं हसावीत म्हणून. महांतेशनं विचारलं, "आउट ऑफ किती?"

"ते कुठं लिहिलंय काय की," मावशी म्हणाल्या.

त्यानं रिपोर्ट घेऊन बघितला. "हे बघा, बाजूला एकशेपंचवीस छापलंय. कटऑफ असंल! मावशी, कटऑफ एकशेपंचवीस अन् तुमी नऊशे चाळीस! नीटच सातशेवीसची आसती. तुमी तर पेपराच्या भाईर गेलाव."

सगळी मेस हसली. मावशी म्हणाल्या, "गप ए. पुढच्या येळंला बघू आनखी वाढतंय का."

तुझी सप्टेंबरात टर्मची परीक्षा आहे म्हणून तुला सांगायचं नाही असा हुकूम आहे. "तिच्या कानावर घातलास तर तुझे डबे बंद." पण मी तुझ्यापासून काही लपवत नाही. मावशी गोळ्या घेतात, सगळं व्यवस्थित आहे.

उत्तर दे. शिवी दिलीस तरी चालेल.

आनंदराज

*

लातूर, १७ ऑगस्ट

धम्मप्रिया,

राजश्रीला फोन लावला होता. ती म्हणाली, तुझं पाकीट खाली होस्टेलच्या पत्रांच्या खणात पडून आहे, प्रिया ते बघते आणि पुढं जाते. उघडत नाही आणि फेकतही नाही. मग तिनंही मला ब्लॉक केलं.

उघडत नाही आणि फेकत नाही याचा अर्थ मी काय घ्यायचा? रात्रभर हाच विचार. सकाळी दोन डबे चुकीच्या होस्टेलवर दिले.

तुझ्या कॉलेजातल्या त्या गंधारच्या कानाखाली मी वाजवली हे बरोबर की गलत, ते आपण समोरासमोर बोलू म्हणून मी किती मेसेज केले! चहाच्या टपरीवर तुझ्या सगळ्या डॉक्टर मंडळींसमोर त्यानं मला विचारलं, "तू सिव्हिलचा ना? म्हणजे मिस्त्रीच की." लोक हसले. तू हसली नाहीस हे मी बघितलंय. पण तू त्याला काही बोललीही नाहीस. मग माझा हात गेला. आणि तू काय म्हणालीस? "मी काय तुझ्या शेताचा बांध आहे का रे, कुणी पाय ठेवला की काठी घेऊन धावायला?" माझ्या बापाला शेतच नाही, प्रिया. बांध कुठला आणि काठी कुठली.

मी अजूनही म्हणतो, त्यानं तोंड सांभाळायला पाहिजे होतं.

असो. मावशी ठीक आहेत. थोडा खोकला आहे, पावसाळी हवेचा असेल. झोपतात मात्र गंमतशीर. परवा पहाटे भाजी घेऊन गेलो तर गव्हाच्या कोठीला टेकून बसल्या बसल्या झोपलेल्या. म्हटलं, मावशी, अंथरुण कुणी नेलं काय? म्हणाल्या, "आडवं झालं की पान्यात बुडाल्यावानी होतंय रे. बसूनच बरं वाटतंय." चप्पलही नवी घेतली, एक नंबर मोठी. मी चिडवलं की या वयात पाय वाढायलेत तुमचे.

गोळ्यांची फिकीर करू नको. त्या सुरक्षित आहेत.

हे पाकीटही खणात राहणार असेल तर राहू दे. पण मला कळू दे की का.

आनंद

*

(पोस्टकार्ड)

लातूर, १ सप्टेंबर

कु. धम्मप्रिया यांस,

पाकिटं उघडायला जड जातंय ना? हे घे, उघडंच पाठवतोय. आता वाचावंच लागेल. तुझ्या रेक्टर मॅडमही वाचतील, वाचू देत. मॅडम, नमस्कार. ही मुलगी माणसाशी बोलत नाही, तिला समजवा.

आनंदाची बातमी. तुझ्या आईच्या हृदयाची तपासणी परत केली. मागं एनटी-प्रोबीएनपी ९४० होता, आता २८६०! तिपटीनं वाढला. रिपोर्टवर आकडा ठळक छापलाय आणि पुढं चांदणी पण दिलीय. डॉक्टर गावाला गेलेत, ते आल्यावर दाखवूच. पण आज सोमवार, मावशींनी स्वतःच्या मार्कांचा शिरा साऱ्या मेसला वाढला. अंगातलं पाणी काढणारी ती पाण्याची गोळी तर त्यांनी कधीच बंद केली. बघ, गोळीशिवाय एवढं हृदय. आईकडून काही शीक.

कुणी न विचारलेला,
आनंदराज, लातूर

*

लातूर, ५ सप्टेंबर

प्रिया,

हे पत्र डब्यात पोळ्यांच्या खाली ठेवतोय, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. तू माझ्याशी बोलणार नसशील, पण पोळी तरी उचलशील. आयसीयूच्या बाहेर बसून उपाशी राहू नको.

काल तू मेसच्या दारात उभी राहिलीस तेव्हा मी कांदा चिरत होतो. खरं सांगू? मला वाटलं, पोस्टकार्डानं काम केलं, ही माझ्यासाठी आली. मी सुरी ठेवली आणि केसांवरून हात फिरवला, कांद्याचा. तुझी ओढणी धुळीनं भरलेली. नंतर कळलं, लोह्याच्या पुढं बस बंद पडली आणि चाकूरपर्यंत तू जीपमध्ये टपावरच्या सामानासारखी कोंबून आलीस. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. सरळ मावशींपुढं खाली बसलीस.

"आगं, तू कशी? परीक्षा?" मावशी म्हणाल्या.

"आई, पाय दे."

"आसं काय करायलीस, पोरं बघायलेत."

"बघू देत. पाय दे."

तू घोट्याच्या वर अंगठा दाबलास. खळगा पडला. तू अंगठा उचललास तरी तो खळगा तसाच, ओल्या सिमेंटवर बोट उमटावं तसा. मी बघत होतो आणि तो भरूनच येईना. पाय वाढायलेत म्हणून मी हसलो होतो ना.

मग तू विचारलंस, "पाण्याच्या गोळ्या कुठायत?" मावशी माझ्याकडं बघायला लागल्या. मी छताकडं.

तर ऐक. त्या माझ्या मोटारसायकलच्या डबे न्यायच्या पिशवीत होत्या, बाजूच्या कप्प्यात. मी तुला 'सुरक्षित आहेत' असं लिहिलं ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. गोळी घेतली की मावशींना सारखं लघवीला जावं लागायचं. मेस तळमजल्यावर, संडास वर घरमालकाच्या मजल्यावर. जिना चढला की दम. दम घालवायला गोळी, आणि गोळीपायी जिना. तव्यावर पोळी टाकून त्या वर जायच्या आणि येईपर्यंत पोळीचा कोळसा. एक दिवस पाकीटच माझ्या हातात दिलं. "तुझ्यापाशी ठिव. डोळ्यापुढं आसल्या की घ्याव्या वाटतेत." मी ठेवल्या. तुझ्या आईचं ऐकलं म्हणजे मी तुझ्याच बाजूला आहे असं मला वाटत होतं.

रागात माझे कान बंद होतात हे तुला माहीत आहे. म्हणून काल मावशींना दाखल केल्यावर दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू जे सांगितलंस ते लिहून बघतो. चुकलं असेल तर डब्यातच चिठ्ठी टाक.

एक. तो आकडा मार्क नव्हे. हृदय कमजोर झालं, रक्त पुढं ढकलता येईना, आतल्या आत तुंबायला लागलं की ते ताणलं जातं. ताणलं की ते स्वतःच एक रस रक्तात सोडतं, वाचवा म्हणून. आकडा मोठा म्हणजे ओरडणं मोठं. एकशेपंचवीस हा कटऑफ नव्हता. त्याच्या आत राहायचं होतं. त्याच्या आधी 'पेक्षा कमी'चं एक बारीक चिन्ह होतं ते महांतेशनं बघितलंच नाही, मी पण नाही. आणि ती चांदणी शाबासकीची नव्हती.

दोन. मेसमध्ये तीस पोरं हृदयाचा धडा तोंडपाठ म्हणतात, झडप म्हटलं की कुठली ते सांगतात. त्यांनी त्या शिऱ्याला बोटं चाटली. महांतेश कालपासून जेवला नाही. म्हणतो, "ह्याच्याच भावाचं नाव आमच्या पुस्तकात हाय रे. मी त्याच्यावर चार मार्क घेतलेत."

तीन. मी त्या रक्त घेणाऱ्या ताईंवर ओरडलो ते चुकलं. संध्याकाळी त्या पुन्हा सुई घेऊन आल्या तेव्हा मला वाटलं, यांनी सकाळचं रक्त सांडलं. "एकदा घेतलंय ना! माणूस आहे का बोअर?" असं मी म्हणालो. तेव्हा तू मागून आलीस आणि एवढंच म्हणालीस, "आनंद, तुझा आकडा खाली आण." त्या ताई हसल्या. मला हसू आलं नाही, पण कान उघडले. मग तू सांगितलंस की ते ट्रोपोनिन नावाचं निराळं आहे. हृदयाचा तुकडा मरायला लागला तरच ते रक्तात सांडतं. अॅटॅक असेल तर काही तासांत चढत जातं, म्हणून एकदा घेऊन भागत नाही. दुसऱ्यांदा तेवढंच आलं. म्हणजे अॅटॅक नाही. हे कळलं तेव्हा तू पायरीवर बसलीस आणि तोंडावर ओढणी घेतलीस. मी दोन पायऱ्या खाली उभा होतो. पाणी आणून ठेवलं आणि गेलो. बरोबर केलं ना?

पण तो पहिला, ओरडण्याचा आकडा आता सहा हजार चारशे. तो मी कुणाला सांगितला नाही.

रेक्टर मॅडमनी पोस्टकार्ड तुला ऑफिसात बोलावून मोठ्यानं वाचून दाखवलं हे तू त्या ताईंना सांगताना ऐकलं. शिऱ्यापर्यंत आल्यावर तुझा चेहरा बघून त्या थांबल्या म्हणे. "आधी आईचं बघ, ह्या आनंदाचं आपण मागाहून बघू." तुझी इज्जत चार लोकांत गेली ती माझ्यामुळं. टपरीवर एकदा आणि ऑफिसात एकदा. मी ते पोस्टकार्ड तुला चिडवायलाच लिहिलं होतं. प्रेमानं लिहिलं असतं तर पाकिटात घातलं असतं, आणि ते खणात पडलं असतं, आणि मावशी कोठीला टेकून बसलेल्या असत्या. याचं मी काय करू मला कळत नाही. खूश होऊ का तोंड लपवू?

आज डाळ अळणी आहे. तुला नको असेल तर लिंबू पिळ.

आनंद

*

लातूर, १४ सप्टेंबर

प्रिया,

तू परवा संध्याकाळच्या बसनं गेलीस. मावशी म्हणाल्या, तुझा एक पेपर बुडाला. त्याबद्दल तू मला काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं वाटलं असतं.

निघताना तू मला बस स्टँडवर येऊ दिलं नाहीस, पण गोळ्यांचं वेळापत्रक माझ्या हातात दिलंस. महांतेशच्या नाही, माझ्या. मी लगेच अर्थ काढायला लागलो होतो. मग ठरवलं, अर्थ काढायचा नाही, गोळ्या द्यायच्या.

सुट्टी देताना डॉक्टर काय म्हणाले ते तू बिलाच्या खिडकीपाशी होतीस म्हणून सांगतो. आकडा सहा हजार चारशेवरून दोन हजार तीनशेवर आला. डॉक्टर म्हणाले, दाखल असताना एवढा खाली आला ही चांगली खूण आहे. ज्यांचा उतरत नाही त्यांना पुढचे महिने जड जातात, पुन्हा पुन्हा यावं लागतं. मावशींनी विचारलं, "म्हंजी ह्या आकड्याला पुढचं कळतंय? जोतिषावानी?"

"ज्योतिष नाही हो. हवामान खात्यासारखा अंदाज."

"मग तर खोटाच निघायचा," मावशी म्हणाल्या. "त्येनी पाऊस म्हनलं की आमी वाळवणं घालताव."

डॉक्टर एवढे हसले की बाहेरचे लोक डोकावले. हसून झाल्यावर मात्र सरळ बसले आणि म्हणाले, "अंदाज खोटा पाडायचा असेल तर गोळी चुकवायची नाही, मावशी. हृदय पहिल्यासारखं होईल असं मी म्हणत नाही. सांभाळलं तर बरीच वर्षं काढेल." मावशी रिक्षात माझा हात धरून म्हणाल्या, "एवढं प्रियाला नको सांगू." मी म्हणालो, मावशी, ती डॉक्टर व्हायलीय, तिला माहीत आहे. त्यावर म्हणाल्या, "म्हाईत आसंल. पर माझ्या तोंडानं कळू नाई."

बघ, मी परत सांगितलं. आता माझे डबे बंद करायचे तर करू देत.

आता मूळ गोष्ट. पाण्याची गोळी घ्यायची तर जिना नको. म्हणून मी घरमालक गुरुलिंगअप्पांकडं गेलो. म्हणालो, जिन्याखालच्या अडगळीत छोटा संडास बांधतो, मैलापाण्याचा पाइप मागून जातोच आहे. अप्पा म्हणाले, "तू कोन सांगनारा? कॉलेज सोडून पळालेलं पोरगं माझ्या घराला भोक पाडनार का?" प्रिया, माझे कान गरम झाले. तोंडावर एक वाक्य आलं होतं, लई घाण. मी ते गिळलं. तू आकडा म्हणालीस ना, तो आठवला. मग कागदावर नकाशा काढून दाखवला, उतार किती, चेंबर कुठं. अप्पांनी चष्मा लावून बघितला, उलटा धरून बघितला. वर जाताना मावशींना धापा टाकताना त्यांनीही बघितलेलं असणार. शेवटी म्हणाले, "दार माझ्या बाजूला उघडायचं न्हाई. वास आला की काढून टाकीन."

उद्यापासून काम. एक गवंडी घेतलाय, त्याच्या हाताखाली मीच.

आनंद

*

लातूर, १३ ऑक्टोबर

प्रिय प्रिया,

तुझं पोस्टकार्ड आलं. पोस्टमन मेसमध्ये देऊन गेला, मी डबे घेऊन बाहेर होतो. येईपर्यंत साऱ्या मेसनं वाचलेलं. महांतेशनं तर पाठ करून ठेवलं होतं, दारातच म्हणून दाखवलं. मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. उघडं पत्र काय असतं ते मला तेव्हा नीट कळलं.

तू विचारलंस म्हणून आधी आकडा. अकराशे ऐंशी.

आज सोमवार होता. मावशींनी ताटं वाढली, पदराला हात पुसले आणि पोरांसारख्या उभ्या राहून म्हणाल्या, "मागच्या येळंला दोन हजार तीनशे. ह्या येळंला अकराशे ऐंशी." क्षणभर कुणाला कळेना टाळ्या वाजवाव्या की नाही. मार्क अर्धे झाल्यावर टाळ्या वाजवायची लातुरात कुणाला सवय नाही. मग महांतेश बाकावर चढला. "ह्यो आकडा उतरला की शिरा!" म्हणाला. आणि एवढी ओरड झाली की वरून गुरुलिंगअप्पा खाली आले. त्यांनाही वाटी दिली. महांतेशचेही बावीस मार्क वाढलेत. एका ताटात चढल्याचा शिरा, शेजारच्या ताटात उतरल्याचा.

एकशेपंचवीसला तो पोचेलच असं नाही. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, मावशींनाही. मावशी म्हणाल्या, "नापास तर नापास. वर्गात बसू देतेत का न्हाई तेवढं बोला." देतात म्हणाले. मावशी आता आडव्या झोपतात, दोन उशा घेऊन. पहाटे भाजी टाकायला जातो तेव्हा मी दार वाजवत नाही. त्यांच्या घोरण्याचा आवाज बाहेर येतो. पूर्वी मला घोरण्याचा राग यायचा.

जुनी चप्पल त्यांनी परत काढलीय. तिच्यात पाय बसतो.

आणि संडास झाला. तीन फूट बाय साडेचार. दार अप्पांच्या बाजूला उघडत नाही. फरशीचा उतार मी स्वतः काढला, पाणी ओतून बघितलं, थेंब थांबत नाही. गोळी घेतल्यावर मावशी तव्यावरची पोळी महांतेशला उलटायला सांगून जातात आणि ती करपायच्या आत परत येतात. काल तिथून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आनंदा, माझ्या लग्नात बी मला कुनी एवढी चांगली वस्तू दिली नव्हती." त्या गंधारला सांग, तू मिस्त्री म्हणालास ते खरं झालं. आणि हेही सांग की मी त्याच्या कानाखाली मारायला नको होती. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. त्यानं काहीही म्हटलं तरी ते तुझं भांडण होतं. भांडायचं की गप्प राहायचं ते तू ठरवायचं होतं. मी ते तुझ्या हातातून हिसकावलं.

कॉलेजचं विचारू नको. वडिलांनी काल पेपर बाजूला ठेवून विचारलं, "उतार किती दिलास?" मी सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पेपर परत उचलला. एवढंच. पुढच्या जूनमध्ये नांदेडला फॉर्म भरायचा का, ते मी अजून ठरवलं नाही. ठरवलं तरी ते तुझ्यासाठी आहे असं कुणाला सांगणार नाही.

तुझ्या पोस्टकार्डावरच्या ओळी मला आता पाठ आहेत, महांतेशसारख्याच. 'आईचा ऑक्टोबरचा आकडा कळव. पोस्टकार्डावर नको, मॅडम वाचतात. पाकिटात घाल. पहिलं पाकीट उघडलं. खोडलं काही नाही.'

शेवटचं वाक्य मेसमध्ये कुणालाच कळलं नाही. मावशींनी विचारलं, "काय खोडलं न्हाई म्हनं ती?" मी म्हणालो, काही नाही मावशी, अभ्यासातलं आहे.

म्हणून आज वर 'प्रिय' आणि 'प्रिया' दोन्ही ठेवलेत.

हे पाकिटात घालतोय. डिंक नव्हता, मावशींनी भाताची शितं दिली. दुसरं पाकीट, सतरा ऑगस्टचं, अजून खणात असेल. ते उघडशील तेव्हा आवाज कमी करून वाच.

तुझा
आनंद